व्होलेंडाम : एका वलंदेजी आगबोटीची तीस वर्षे

वाचनालयाच्या तासाला सातवीच्या एका मुलीने जुन्या जहाजांच्या चित्रांचे पुस्तक आमच्यासमोर ठेवले आणि विचारले, "बाई, ह्या सगळ्या बोटींच्या नावात शेवटी 'डाम' का? डॅम म्हणजे धरण ना?" रोटरडाम, स्टाटेनडाम, व्हेएनडाम, व्होलेंडाम अशी नावे एकाखाली एक होती. त्या वेळी "पुढच्या अंकात सांगू" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मग उत्तर शोधायला बसलो, आणि त्या यादीतल्या एकाच बोटीपाशी अडकून पडलो. विद्यार्थी मित्रांनो, लेख थोडा लांबला आहे. पालकांनीही तो मुलांबरोबर बसून वाचावा, कारण त्यातला मधला भाग मुलांपेक्षा त्यांच्यासाठीच जास्त आहे.

आधी प्रश्नाचे उत्तर. डच भाषेत 'डाम' म्हणजे बांधच. आम्स्टेल नदीवरचा बांध तो आम्स्टरडाम, रोटे नदीवरचा तो रोटरडाम. व्होलेंडाम हे उत्तर हॉलंडमधले कोळ्यांचे गाव. शेजारच्या एडाम गावचे बंदर पूर्वी त्या जागी होते. १३५७ मध्ये एडामकरांनी समुद्राकडे जाणारा जवळचा कालवा खोदला आणि जुने बंदर बांध घालून बुजवले. त्या भरावावर शेतकरी आणि कोळी येऊन राहिले. 'भरलेला बांध' असा त्या नावाचा अर्थ लावतात. आपल्याकडच्या खाजनाचे बांध आणि मानशी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही भूमी फार परकी वाटू नये. खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आतल्या जमिनीवर पोट भरायचे, हा उद्योग दोन्हीकडे सारखाच.

डच माणसेही आपल्याला नवी नाहीत. जुन्या मराठी कागदपत्रांत त्यांना वलंदेज म्हणतात. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, आणि सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची त्यांनी समुद्रातून पुष्कळ कोंडी केली होती. पण आपली गोष्ट त्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी सुरू होते.

१८७३ मध्ये रोटरडामला हॉलंड-अमेरिका लाइन ही जहाज कंपनी निघाली. तिच्या प्रवासी बोटींची नावे 'डाम'ने संपत आणि मालवाहू बोटींची 'डाइक'ने. डाइक म्हणजेही बांधच! पहिल्या महायुद्धात कंपनीची बरीच जहाजे गेली होती. ती तूट भरून काढण्यासाठी ज्या बोटी बांधून घेतल्या, त्यांतली एक व्होलेंडाम. ग्लासगोमधील गव्हन येथे हार्लंड अँड वूल्फच्या कारखान्यात ती तयार झाली. टायटॅनिक बांधणारी कंपनी हीच, फक्त टायटॅनिक बेलफास्टला बांधली गेली. व्होलेंडाम ४ नोव्हेंबर १९२२ रोजी रोटरडामहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीवर निघाली. व्हेएनडाम ही तिची जुळी बहीण.

तिची नोंद १५,४३४ ग्रॉस टन अशी आहे. मुले हमखास समजतात की एवढे तिचे वजन. तसे नाही. ग्रॉस टन हे त्या काळी जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप होते. शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. म्हणजे व्होलेंडामच्या पोटात पंधरा लाख घनफुटांहून अधिक जागा होती. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा आणि तसे किती वर्ग त्या बोटीत मावले असते ते काढा. आठवीच्या मुलांनी हे केले. आलेले उत्तर पाहून त्यांना आपण कुठेतरी शून्य जास्त दिले असे वाटले आणि सगळा गुणाकार त्यांनी पुन्हा केला.

बोट वाफेच्या टर्बाइनवर चाले. बॉयलरमधली वाफ पात्यांच्या चक्रावर सोडायची, चक्र फार वेगाने फिरते, मग दातेरी चाकांनी तो वेग उतरवून मागचे दोन पंखे फिरवायचे. वेग सुमारे १५ नॉट, म्हणजे तासाला साधारण २८ किलोमीटर. आपल्या गावातली बससुद्धा तिला मागे टाकील. पण बस रात्री थांबते आणि बोट थांबत नाही, म्हणून नऊ-दहा दिवसांत ती अटलांटिक ओलांडी.

तिचा खरा धंदा वरच्या वर्गातल्या श्रीमंत प्रवाशांवर चालेल असे मालकांनी धरलेच नव्हते. पूर्व आणि मध्य युरोपातली गरीब कुटुंबे गाठोडी घेऊन तिसऱ्या वर्गाने अमेरिकेला जात, त्यांच्या भाड्यावर अशा बोटी उभ्या राहत. नेमका तोच धंदा बुडाला. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून बाहेरून येणाऱ्यांची संख्या एकदम खाली आणली. बोट बांधून दोन वर्षेही झाली नव्हती. मग खालचा भाग जरा नीटनेटका करून तिथे माफक भाड्यात हौशी प्रवासी नेणे, हिवाळ्यात सहली काढणे, असे करत कंपनीने दिवस काढले. ह्या काळाबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही. बोट वेळेवर सुटत होती आणि वेळेवर पोचत होती, एवढेच.

युद्ध

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हॉलंड तटस्थ होते. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य आत घुसले. १४ मे रोजी रोटरडामवर बाँबवर्षाव झाला, शहराचा मध्यभाग जळाला, आणि त्याच लढाईत कंपनीच्या धक्क्यावर उभी असलेली स्टाटेनडामही जळून गेली. व्हेएनडाम जर्मनांच्या हाती पडली. युद्ध संपले तेव्हा ती हॅम्बुर्गला सापडली. व्होलेंडाम मात्र शत्रूच्या हाती लागली नाही. तिच्यासारख्या शेकडो डच बोटींचे घरचे बंदर एका आठवड्यात नाहीसे झाले. त्यांचे सरकार लंडनला गेले होते. त्याने हुकूम काढून आपल्या खलाशांना दोस्तराष्ट्रांसाठी बोटी चालवणे सक्तीचे केले. बायकापोरे शत्रूच्या ताब्यातल्या गावात आणि आपण इंग्लंडच्या बंदरात, अशा अवस्थेत ही माणसे पाच वर्षे राहिली.

(मुरगावच्या बंदरात त्याच काळात जर्मन बोटींनी आसरा घेतला होता आणि १९४३ च्या मार्चमध्ये एरेनफेल्ससह त्या तिथेच बुडाल्या, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. बेघर झालेल्या बोटी दोन्ही बाजूंच्या होत्या.)

आता तो मधला भाग. फ्रान्स पडल्यावर इंग्लंडवर स्वारी होणार अशी भीती पसरली. जून १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे पाठवण्यासाठी एक मंडळ नेमले. मंत्रिमंडळातले एक कनिष्ठ मंत्री जेफ्री शेक्सपिअर त्याचे प्रमुख होते. पैसेवाले आपली मुले स्वखर्चाने आधीच पाठवत होते. ही योजना मुख्यतः सरकारी शाळांतल्या मुलांसाठी होती. थोड्याच आठवड्यांत दोन लाखांहून अधिक मुलांचे अर्ज आले.

पालकहो, इथे जरा थांबून विचार करा. घरी ठेवले तर बाँबची भीती, पाठवले तर पाणबुडीची. मुलाबरोबर आईबापांना जाता येत नव्हते. परत कधी भेट होणार, हे कोणीच सांगू शकत नव्हते. सरकारने एवढेच वचन दिले होते की मुलांच्या बोटी युद्धनौकांच्या पहाऱ्यात, ताफ्यातूनच जातील. त्या दोन लाख अर्जांवर सह्या करणाऱ्यांना निष्काळजी म्हणायला आमची जीभ धजत नाही. ज्यांनी अर्ज केले नाहीत त्यांनाही नाही.

ऑगस्टच्या अखेरीस व्होलेंडाम लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली. कप्तान होते यान पीटर वेपस्टर. बोटीवर सुमारे ३२० मुले होती, आणि त्यांच्यासोबत शिक्षक, परिचारिका व इतर प्रवासी. खलाशी धरून पावणेनऊशेच्या घरात माणसे. निघाल्यापासून मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतली जात होती. घंटा झाली की जीवरक्षक पट्टा बांधायचा, आपल्या नेमलेल्या जागी जायचे, पळायचे नाही, सामान घ्यायचे नाही.

३० ऑगस्टच्या रात्री आयर्लंडच्या वायव्येला यू-६० ह्या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडले. एक नाळेपाशी लागून फुटला आणि बोटीच्या पुढच्या भागात पाणी शिरले. काळोख, वारा, उसळता समुद्र. मुले रात्रीच्या कपड्यांवर पट्टे बांधून आपापल्या जागी आली, त्यांना सोडनावांत बसवले, आणि अठराच्या अठरा नावा पाण्यात उतरल्या. मुले नावांत गाणी म्हणत होती. भीती वाटत नव्हती म्हणून नव्हे, सोबतच्या मोठ्यांनी म्हणायला लावली म्हणून. ताफ्यातली इतर जहाजे जवळ आली. त्यांत ओलाफ फॉस्टेनेस नावाचे एक नॉर्वेजियन जहाजही होते. दोर आणि शिड्यांच्या आधाराने मुलांना वर घेतले गेले. त्या रात्री एकच मनुष्य दगावला. तो बोटीचा पर्सर, म्हणजे हिशेब आणि प्रवासी सांभाळणारा अधिकारी. मुले सगळी वाचली.

एक मुलगा मात्र ह्या सगळ्या गडबडीत झोपून राहिला होता, असे त्या रात्रीच्या आठवणींत सांगतात. जाग आली तेव्हा बोटीवर सामसूम. तो इकडे तिकडे फिरला, कोणी दिसेना, तेव्हा परत जाऊन झोपला. सकाळी तो मागे राहिलेल्या माणसांना सापडला. मुलांना गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो. आम्हाला तो वाचताना घाम फुटतो, कारण ह्याचा अर्थ मोजणीत एक मूल चुकले होते.

बोट बुडाली नाही. तिला ओढत स्कॉटलंडला नेले आणि ब्यूट बेटाच्या उथळ किनाऱ्यावर टेकवून ठेवले. तपासणीत नाळेत आणखी एक टॉर्पेडो रुतलेला सापडला. तो फुटलाच नव्हता. तो फुटता तर पुढचे काही लिहायला नको होते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्न. मुले का वाचली? त्या वेळी अनेकांनी उत्तर दिले : कवायत चोख होती म्हणून, ताफा होता म्हणून. म्हणजे योजना सुरक्षित आहे. ती तशीच पुढे चालू राहिली.

१३ सप्टेंबर १९४० रोजी सिटी ऑफ बनारस ही बोट ९० मुलांना घेऊन लिव्हरपूलहून निघाली. व्होलेंडामवरून वाचलेल्यांपैकी दोन मुले पुन्हा तिच्यावर चढली होती. १७ सप्टेंबरच्या रात्री यू-४८ पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो मारला. ह्याही मुलांची कवायत झाली होती. पण पहाऱ्याची युद्धनौका आधीच दुसऱ्या कामाला निघून गेली होती, हवा वादळी होती, बोट अर्ध्या तासात बुडाली, उतरवताना नावा उलटल्या, आणि ताफ्यातल्या जहाजांनी पांगून जावे असा नियम असल्याने जवळ कोणी थांबले नाही. मदतीची नौका दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. ९० पैकी ७७ मुले गेली. व्होलेंडामवरची ती दोन मुलेही त्यांत होती. सरकारने योजना बंद केली. तोपर्यंत २,६६४ मुले परदेशी गेली होती.

म्हणजे व्होलेंडामच्या रात्री कवायत उपयोगी पडली हे खरे, पण ती एकटी पुरली नव्हती. बोट तरंगत राहिली, दुसरा टॉर्पेडो फुटला नाही, शेजारची जहाजे जवळ आली. ह्या तीन गोष्टी कोणाच्या हातात नव्हत्या आणि हिशेबात कोणी धरल्या नाहीत. आमच्या शाळेत आगीच्या घंटेचा सराव होतो. तो दर वेळी साडेतीन मिनिटांत पुरा होतो आणि आम्ही समाधानाने वहीत नोंद करतो. सराव नेहमी कोरड्या दिवशी, सकाळी, दोन्ही जिने मोकळे असताना होतो, हे हा लेख लिहिताना आमच्या लक्षात आले. विश्वस्त मंडळाकडे आम्ही पावसाळ्यात, एक जिना बंद ठेवून सराव घेण्याची परवानगी मागितली आहे. मोजणी दोनदा होईल.

सिटी ऑफ बनारसबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काशीचे नाव मिरवणारी ही बोट मुळात इंग्लंड आणि मुंबईच्या दरम्यान चालण्यासाठी बांधलेली. तिचे बहुतेक खलाशी हिंदी होते, ज्यांना इंग्रज लास्कर म्हणत. त्यांच्यातले शंभराच्या आसपास त्या रात्री आणि नंतर नावांत थंडीने मेले. बंगालच्या उकाड्याला पुरणारे सुती कपडे त्यांच्या अंगावर होते. सहा मुले असलेली एक नाव आठ दिवस अटलांटिकमध्ये भरकटत राहिली. तीत मेरी कॉर्निश नावाच्या संगीतशिक्षिका होत्या. त्या मुलांचे गारठलेले पाय चोळत आणि त्यांना जागे ठेवण्यासाठी रोज गोष्ट सांगत. त्याच नावेत बत्तीस लास्करही होते. पुस्तकांत ही नाव 'मुलांची नाव' म्हणून येते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत बोटीवर गेलेला एखादा तारवटी पूर्वज असतो. मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रज बोटींवर वाढप्याचे आणि स्वयंपाकाचे काम बहुधा गोवेकरच करत. त्यांचा पगार गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच कमी असे. कोणाच्या घरी अशा पूर्वजाचे जुने नळी, म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक असेल तर ते शाळेत दाखवायला आणावे.

युद्धानंतर

दुरुस्तीनंतर १९४१ मध्ये व्होलेंडाम सैनिक वाहू लागली आणि युद्ध संपेपर्यंत तेच करत राहिली. १९४५ नंतर तिला पुन्हा आरामबोट करण्यासारखी तिची अवस्था राहिली नव्हती. गालिचे आणि झुंबरे गेली ती गेलीच.

ह्यापुढचा काही भाग डच लोकांना स्वतःलाही आज अवघड वाटतो. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. पाच वर्षे परक्यांच्या टाचेखाली काढलेल्या हॉलंडने आपली वसाहत परत मिळवण्यासाठी तिकडे फौजा धाडल्या. त्या वाहणाऱ्या बोटींत व्होलेंडामही होती. १९४५ मध्ये सिडनीच्या बंदरात हिंदी खलाशांनी इंडोनेशियन खलाशांच्या पाठीशी उभे राहून डच बोटींवर काम करायचे नाकारले होते. अखेर २७ डिसेंबर १९४९ रोजी हॉलंडने इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य केले. एकच बोट ऑगस्ट १९४० मध्ये मुलांना घेऊन जाते आणि सहा-सात वर्षांनी दुसऱ्यांचे स्वातंत्र्य दडपायला फौज नेते. बोटीला अर्थातच काही कळत नाही. ती कोण भाड्याने घेतो, हा प्रश्न.

मधल्या एका फेरीची हकीकत मात्र अद्भुत आहे. मेनोनाइट हा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ आहे. शस्त्र धरायचे नाही हा त्यांचा नियम. सोळाव्या शतकात त्यांचे पूर्वज हॉलंडमधून छळामुळे पूर्वेकडे गेले, आधी प्रशियात आणि मग अठराव्या शतकाच्या अखेरीस युक्रेनमध्ये. सोव्हिएत राजवटीत त्यांचे फार हाल झाले. युद्धात जर्मन सैन्य मागे हटले तेव्हा त्याच्याबरोबर हजारो मेनोनाइट पश्चिमेकडे निघाले. काहींना हॉलंडने १९४५ मध्ये आसरा दिला. अकराशेच्या आसपास लोक बर्लिनमध्ये अडकले. शहराच्या चारी बाजूंना सोव्हिएत सैन्याचा ताबा, आणि हे लोक परत आपल्या हवाली करावेत अशी सोव्हिएत मागणी.

अमेरिकेतल्या त्यांच्या बांधवांनी व्होलेंडाम भाड्याने घेतली. हॉलंड आणि जर्मनीच्या इतर भागांतले लोक ब्रेमरहाफेन बंदरात बोटीवर चढले, आणि बर्लिनचे येईनात. सुटायची वेळ अगदी जवळ आली तेव्हा परवानगी मिळाल्याची बातमी आली. रात्रीतून आगगाडी सोव्हिएत हद्दीतून पार झाली. १ फेब्रुवारी १९४७ रोजी बोट २,३०३ माणसांना घेऊन निघाली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ब्युनोस आयर्सला पोचली. त्यांना जायचे होते पॅराग्वेला. तिथे तेव्हा यादवी सुरू झाली, म्हणून अनेकांना आधी अर्जेंटिनातच तळ ठोकून राहावे लागले. शेवटी पॅराग्वे नदीच्या पूर्वेकडे त्यांनी जंगल तोडून वस्ती केली आणि तिला बोटीचेच नाव दिले : व्होलेंडाम. नकाशात पाहा. पॅराग्वेला समुद्रकिनारा नाही. १९४८ मध्ये बोटीने अशी आणखी एक फेरी केली.

शेवटची वर्षे ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाकडे निघालेले डच शेतकरी, छावण्यांतले निर्वासित आणि स्वस्त भाड्यात युरोप पाहायला जाणारे अमेरिकन विद्यार्थी यांना वाहण्यात गेली. १९५२ मध्ये हॉलंडमध्येच ती मोडीत निघाली.

कंपनीने १९९९ मध्ये हेच नाव एका नव्या सहलबोटीला दिले. ती २०२२ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत रोटरडामच्या धक्क्याला बांधून ठेवली होती. तीत सुमारे पंधराशे माणसे राहत होती. ती युक्रेनमधून युद्धामुळे पळून आलेली होती.

वऱ्हांड्यातल्या जगाच्या नकाशावर मुलांनी आता दोन व्होलेंडामवर पिवळ्या टाचण्या लावल्या आहेत, एक पूर्वीच्या झाउडर झीच्या काठी आणि एक पॅराग्वेत. आयर्लंडच्या वायव्येला, जिथे नकाशावर कुठलेच नाव नाही, तिथे त्या सातवीतल्या मुलीने तिसरी लावली.